पावसाळ्यात दार का अडते?

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हे शिकवताना आम्ही बरीच वर्षे एक उदाहरण देत आलो : वर्गाचे लाकडी दार फुगते आणि चौकटीत अडते. दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, मग दार मे महिन्यात का अडत नाही? ते तर जुलैत अडतं." प्रश्न बिनतोड होता. उत्तर शोधायला आम्ही गावातल्या एका अनुभवी सुतार मिस्त्रींना शाळेत बोलावले. त्यांनी काम करावे, आपण पाहावे आणि विचारावे, एवढाच बेत होता.

मिस्त्रींनी सागाची फळी मेजावर आवळली आणि रंधा चालवला. लांबच लांब, पातळ सालपट वळत बाहेर आले. मग फळी फिरवून उलट बाजूने रंधा मारला, तर तो अडखळला आणि पृष्ठभागावर ओरखडे उठले. धार तीच, हात तोच. फरक होता तो रेषेच्या दिशेचा. लाकडाच्या पेशी खोडाच्या लांबीत पसरलेल्या बारीक नळ्यांसारख्या असतात. फळी कापताना त्या थोड्या तिरक्या येतात. चढत्या बाजूने रंधा नेला तर त्या दाबून कापल्या जातात, उलट नेला तर उचकटतात. मिस्त्री म्हणाले, "लाकूड हातात घेतलं की आधी रेषा बघायची."

मग आम्ही आमचे एक फसलेले काम त्यांच्यापुढे ठेवले. मुलांनी बनवलेल्या नमुन्यांच्या पेटीची फळी चारही बाजूंनी सरस आणि खिळ्यांनी पक्की केली होती. पुढच्या उन्हाळ्यात ती मधोमध तडकली. मजबुतीत काही कमी राहिली, असे आम्हाला वाटत होते. मिस्त्री हसले. "उलट आहे गुरुजी, जास्त पक्की केलीत म्हणून फुटली. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. त्याला हलायला जागा सोडायची."

हे वाक्य म्हणजेच आमच्या प्रश्नाचे उत्तर होते. पेशीच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू असतात आणि ते बहुतेक लांबीच्या दिशेने, जरासे तिरके, गुंडाळलेले असतात. हवा दमट झाली की पाण्याचे रेणू या तंतूंच्या मध्ये शिरतात आणि त्यांना बाजूला सारतात. तंतूंची लांबी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे लाकूड जाड आणि रुंद होते, लांब जवळजवळ होत नाही. हवा कोरडी झाली की हे पाणी निघून जाते आणि लाकूड आक्रसते. आमच्या पेटीची फळी उन्हाळ्यात अशीच आक्रसू पाहत होती. खिळ्यांनी तिला अडवले, म्हणून ती फाटली.

आता आकडे पाहू. सागाची ३० सेंटिमीटर रुंदीची फळी घ्या. तिच्यातील ओलावा १० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेला, तर वार्षिक वलयांच्या दिशेने कापलेली फळी रुंदीत सुमारे ३ मिलिमीटर वाढते. गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने कापलेली फळी याच्या निम्म्याच्या आसपास वाढते. आणि तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले तर? याच फळीची वाढ मिलिमीटरच्या एक दशांश भागाएवढी भरते. म्हणजे दार अडते ते पाण्यामुळे. आमचे उदाहरणच चुकीचे होते.

मग सगळी दारे का अडत नाहीत? मिस्त्रींनी सोबत आणलेल्या पॅनेलच्या दाराचा एक नमुना दाखवला. चौकटीच्या आत बसवलेली फळी बोटाने ढकलली, तर ती खोबणीत सरकली. आम्हाला ते ढिले काम वाटले. प्रत्यक्षात ती फळी मुद्दामच सरस किंवा खिळा न लावता ठेवलेली असते. ती खोबणीच्या आतल्या आत फुगते आणि आक्रसते. दाराची रुंदी वाढते ती फक्त दोन उभ्या पट्ट्यांमुळे, कारण आडव्या पट्ट्यांची लांबी दाराच्या रुंदीत असते आणि लांबीत लाकूड हलत नाही. वरच्याच हिशेबाने ९० सेंटिमीटर रुंदीचे, उभ्या फळ्या जोडून केलेले दार जवळजवळ १० मिलिमीटर वाढेल. १० सेंटिमीटरच्या दोन उभ्या पट्ट्या असलेले पॅनेलचे दार वाढेल जेमतेम २ मिलिमीटर. आमच्या वर्गाचे दार फळ्यांचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. एकाच फळीतून १० सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापून घ्याव्यात. एक रेषेच्या दिशेने, दुसरी रेषेला आडवी. व्हर्नियर कॅलिपरने दोन्हींची लांबी मोजून त्या दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि पुन्हा मोजाव्यात. आडव्या पट्टीची वाढ साध्या मोजपट्टीवरही दिसते. उभ्या पट्टीची वाढ शोधायला व्हर्नियरवरही डोळे ताणावे लागतात. निष्कर्ष आधी सांगू नये, मुलांनाच अंदाज करू द्यावा.

निघताना मिस्त्रींनी बैलगाडीच्या चाकाची आठवण काढली. लोखंडी धाव तापवून मोठी करायची, लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी ओतून थंड करायची, की ती आवळून बसते. उन्हाळ्यात लाकूड सुकते आणि धाव ढिली होते. तेव्हा गाडीवान चाक पाण्यात उभे करतो, लाकूड फुगते आणि धाव पुन्हा घट्ट होते. लोखंड उष्णतेने वाढते आणि लाकूड पाण्याने, हे दोन्ही धडे एकाच चाकात आहेत.

आता आम्ही वर्गात उष्णतेसाठी चाकाच्या धावेचे उदाहरण देतो. दाराचा प्रश्न मात्र तसाच मुलांपुढे ठेवतो आणि जुलै महिन्याची वाट पाहतो.