जुन्या विजेरीस चार्जिंगचे सेल कसे बसवावेत

पिकास रात्रीचे पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती विजेरी असणे ही चैनीची बाब नव्हे. घोणस व फुरसे हे दोन्ही विषारी साप रात्री अधिक फिरतात, आणि बांधावरून किंवा पाटाच्या कडेने अंधारात टाकलेले पाऊल त्यांच्यावर पडण्याचा संभव असतो. भारतात सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज असून, त्यांतील बहुतेक ग्रामीण भागातील होती. असे असूनही पुष्कळ घरी विजेरी खुंटीस टांगलेली असते आणि आतील सेल संपलेले असतात. दर महिन्यास नवी जोडी आणण्याचा खर्च परवडत नाही, हे त्याचे मुख्य कारण होय. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारे सेल आता तालुक्याच्या बाजारात मिळतात; मात्र ते वाटेल त्या विजेरीत घातल्यास कधी उजेड मंद पडतो, कधी दिवा उडतो, तर कधी आगीचा धोका उत्पन्न होतो.

या सर्वांचे मूळ विद्युत्-दाबात आहे. साधा कोरडा सेल १.५ व्होल्टचा असतो. निकेल-मेटल-हायड्राइड जातीचा चार्जिंगचा सेल १.२ व्होल्टचा असतो. लिथियम-आयन सेल ३.७ व्होल्टचा म्हणून विकला जातो, परंतु पूर्ण भरल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो. दिवा कोणत्या दाबाचा आहे हे पाहूनच सेल निवडावा. आकार जुळला म्हणजे सेल जुळला असे नव्हे.

दोन मोठ्या सेलांची, तारेच्या दिव्याची जुनी विजेरी ही सर्वांत सोयीची. तिच्या दिव्यावर बहुधा २.४ किंवा २.५ व्होल्ट असा आकडा कोरलेला असतो. दोन कोरड्या सेलांचा दाब ३ व्होल्ट असताना दिवा कमी दाबाचा का, असा प्रश्न सहज पडेल. कोरड्या सेलाचा दाब दिवा लागताच खाली येतो, हे धरूनच तो दिवा तयार केलेला असतो. निकेलच्या दोन सेलांचा दाब २.४ व्होल्ट असल्यामुळे ते अशा विजेरीस फारच चांगले जुळतात.

मोठ्या आकाराचे निकेल सेल महाग असतात, शिवाय काही स्वस्त सेलांच्या मोठ्या कवचात आत लहान सेलच दडविलेला असतो. त्यापेक्षा पेन्सिल सेल घेऊन त्यास घरीच कवच करावे. मोठा सेल सुमारे ३४ मिलिमीटर जाड व ६१.५ मिलिमीटर लांब असतो. पेन्सिल सेल १४.५ मिलिमीटर जाड व ५०.५ मिलिमीटर लांब असतो. म्हणजे लांबीत ११ मिलिमीटरची तूट येते. सेलाच्या सपाट टोकास तितक्या लांबीचा पितळी बोल्ट किंवा नटांची चळत लावावी व दोहोंभोवती जाड पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळत जावे. विजेरीच्या नळीत घट्ट पण सहज सरकेल इतकी जाडी झाली की पट्टी डिंकाने चिकटवावी. सेलाची घुंडी पुठ्ठ्याच्या किंचित बाहेर राहिली पाहिजे. अशी दोन कवचे तयार केली म्हणजे काम झाले. २००० मिलि-अँपियर-तास क्षमतेच्या सेलांवर ०.३ अँपियरचा दिवा सुमारे सहा तास जळतो.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. कोरडा सेल हळूहळू मंद होत जातो व संपत आल्याची सूचना देतो. निकेलचा सेल अखेरपर्यंत सारखा उजेड देतो आणि मग एकाएकी बसतो. शेताच्या मध्यभागी असे होणे धोक्याचे असल्याने चार्ज केलेली दुसरी जोडी खिशात असावी. जोडीतील दोन्ही सेल एकाच वेळी घेतलेले व एकदमच चार्ज केलेले असावेत.

एलईडीच्या विजेरीचे गणित निराळे आहे. पांढऱ्या एलईडीस सुमारे ३ व्होल्ट लागतात. त्यामुळे दोन सेलांच्या एलईडी विजेरीत दाब वाढविणारे मंडळ नसेल, तर निकेलचे सेल घातल्यावर ती जेमतेम मिणमिणते. सेल विकत घेण्यापूर्वी कोणाची तरी जोडी मागून पाहणे हाच उत्तम उपाय. तीन बारीक सेलांच्या लहान विजेरीस मात्र निकेलचे तीन सेल, म्हणजे ३.६ व्होल्ट, चांगले चालतात.

लिथियमच्या सेलांपैकी १८६५० हा आकार सर्वत्र आढळतो. आकड्याचा अर्थ १८ मिलिमीटर जाडी व ६५ मिलिमीटर लांबी असा आहे. दोन मोठ्या सेलांच्या नळीत असा एकच सेल घालावा व उरलेल्या ५८ मिलिमीटर जागेत लाकडी ठोकळा बसवून त्यातून आरपार बोल्ट न्यावा. २.५ व्होल्टचा दिवा यावर तत्काळ उडेल. त्याच्या जागी तीन सेलांच्या विजेरीचा ३.८ व्होल्टचा दिवा घालावा. १४५०० आकाराचा लिथियम सेल दिसण्यात हुबेहूब पेन्सिल सेलासारखा असतो. असे दोन सेल चुकून एकत्र घातल्यास सात व्होल्टांवर दाब जातो. ज्या सेलावर ९९०० मिलि-अँपियर-तास असे छापलेले असेल तो घेऊ नये, कारण या आकाराच्या सेलात इतकी वीज मावत नाही.

आता खेड्यात सर्वांत अधिक दिसणारी, भिंतीतील प्लगास लावून चार्ज करावयाची विजेरी घेऊ. तिच्यात बहुधा ४ व्होल्टची शिसे-आम्लाची लहान बॅटरी असते. ती रिकामी ठेवली की आतील पत्र्यांवर पांढरा थर धरतो व वर्षा-दीड वर्षात ती निकामी होते. दिवे व खोके शाबूत असूनही विजेरी टाकून दिली जाते, हा निव्वळ अपव्यय होय. अशा विजेरीत लिथियमचा एक सेल उत्तम चालतो, कारण दाब जवळजवळ तोच आहे. परंतु जुने चार्जिंगचे मंडळ कोणत्याही परिस्थितीत तसेच ठेवू नये. ते ४.२ व्होल्टांवर थांबत नाही, आणि त्यापुढे भरलेला लिथियम सेल पेट घेऊ शकतो. शिवाय ते मंडळ बहुधा घरातील विजेस थेट जोडलेले असल्याने उघडी विजेरी प्लगास लावल्यास प्राणघातक झटका बसू शकतो. प्लगाच्या पिना व जुने मंडळ काढून टाकावे आणि टीपी४०५६ नावाची, संरक्षण असलेली लहान पट्टी बसवावी. मग मोबाइलच्या चार्जरवर विजेरी चार्ज होते. ही पट्टी १ अँपियरने वीज भरते. लहान सेलास इतका प्रवाह मानवत नसल्याने किमान २००० मिलि-अँपियर-तासांचा सेल घ्यावा. डाग देण्याचे काम रेडिओ किंवा मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्यावे. सेलावर थेट डाग कधीही देऊ नये, पट्ट्या लावलेला सेलच मागावा.

नऊ बारीक एलईडींच्या विजेरीत मधे प्रतिरोधक नसेल तर तो घालावा. प्रत्येकी २० मिलि-अँपियर धरता नऊ दिव्यांस ०.१८ अँपियर लागतो, ४.२ मधून ३.२ वजा जाता १ व्होल्ट उरतो, त्यास ०.१८ ने भागिले असता साडेपाच ओहम येतात. बाजारात ५.६ ओहम, अर्धा वॉट असा प्रतिरोधक मागावा. यामुळे दिवे तापून काळे पडत नाहीत.

ज्या घरी वर्षातून एखादीच जोडी लागते त्यांनी हा खटाटोप करू नये. कोरडे सेल त्यांना स्वस्तच पडतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम रात्रीची पाळी करणारे, राखणीस जाणारे व गोठ्यात वारंवार उठणारे शेतकरी निवडून, त्यांच्यापैकी एकाची विजेरी सर्वांसमक्ष तयार करून दाखवावी. फुगलेला, चेपलेला किंवा चार्ज होताना हातास चटका देणारा लिथियम सेल वापरू नये. तो उकिरड्यावर किंवा चुलीत न टाकता विक्रेत्याकडे अथवा संकलन केंद्राकडे द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुने सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. चार्जिंग दिवसा, कोणी जागे असताना, फरशीवर ठेवून करावे; कडब्याच्या गंजीजवळ किंवा अंथरुणावर करू नये.