एका जहाजावर मुंबई ते पुणे

हदगावपासून न्हावा-शेवा बंदर सहाशेवर किलोमीटर. तरी आपल्या नांदेड जिल्ह्यातली केळी आखाताकडे निघाली की चाळीस फुटी शीतकंटेनरात बसतात. आत तापमान तेरा-चौदा अंश, आणि खोकी साधारण दीड हजार. म्हणजे वीस टन माल! अर्ध्या-पाऊण एकराची अख्खी बाग एका लोखंडी पेटीत. बंदरातला हिशेब मात्र वीस फुटी पेटीत चालतो, चाळीस फुटी असेल तर ती दोन धरायची. चला, याच मापाने मोजत जाऊ.

वीस फुटी पेटीत पाणी ओतलं तर तेहतीस हजार लिटर मावेल. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर काठोकाठ भरली तर साडेतीन लाख लिटर. अकरा पेट्या लावा, विहीर कोरडी!

आता जहाजाकडे या. ९ जून २०२५ रोजी केरळच्या विळिंजम बंदराला 'एमएससी इरिना' लागली. लांबी ४०० मीटर, म्हणजे देवगिरी एक्सप्रेसचे सतरा डबे. आणि पेट्या? २४,३४६! विहिरीच मोजायच्या तर सव्वादोन हजार विहिरी. गावाला शंभर विहिरी धरा, बावीस गावांचं पाणी या एका जहाजात. रेल्वेने न्यायचं म्हटलं तर ४५ वॅगनची मालगाडी ९० पेट्या ओढते, म्हणजे २७१ गाड्या लागतील. तासाला एक गाडी सोडली तरी अकरा दिवस, अकरा रात्री गाड्या संपायच्या नाहीत. आणि पेट्या रस्त्यावर एकीला एक लावून मांडल्या तर १४७ किलोमीटर! मुंबईत सुरू झालेली रांग थेट पुण्यात. एका जहाजाची रांग, आणि एवढं जहाज चालवायला माणसं लागतात वीस-पंचवीस. आपल्याकडे लग्नाचा मांडव घालायला याहून जास्त जमतात.

पैशातही बघू. असं जहाज दोन लाख टन ओझं सहज पेलतं. त्यात आपलं सोयाबीन भरलं तर २० लाख क्विंटल. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने झाले १,०६५ कोटी रुपये. एकरी दहा क्विंटल उतारा धरला तर दोन लाख एकरांची रास एका फेरीत समुद्रावर!

या सगळ्याची सुरुवात झाली अवघ्या ५८ पेट्यांनी. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाचं 'आयडियल-एक्स' जहाज त्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. तोवर सुटा माल हमालांकरवी चढवायला टनामागे पावणेसहा डॉलरच्या वर पडत. पेट्यांमुळे तो खर्च सोळा सेंटांवर आला. शंभर रुपयांची हमाली पावणेतीन रुपयांत! यात जगभरच्या गोदी कामगारांच्या हातचं काम गेलं, ही किंमत विसरता येत नाही. पण जगाचा व्यापार खरा फिरला तो या साध्या पेटीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

न्हावा-शेवा सुरू झालं २६ मे १९८९ ला. २०२४-२५ मध्ये या बंदराने ७३ लाख पेट्या हाताळल्या. दिवसाला वीस हजार, सव्वाचार सेकंदांना एक! तुम्ही हा परिच्छेद संपवाल तेवढ्यात पाच-सहा पेट्या हललेल्या असतील. वर्षभराच्या पेट्या ओळीने मांडल्या तर ४४ हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४० हजार. अख्ख्या पृथ्वीला वेढा घालून वर काश्मीर ते कन्याकुमारी पुरेल एवढी शेपटी शिल्लक.

याच्यापुढे शांघाय. २०२४ मध्ये ५ कोटी १५ लाख पेट्या! रांग ३ लाख १२ हजार किलोमीटरची. चंद्र ३ लाख ८४ हजारांवर. एका बंदराने एका वर्षात चंद्राची चार-पंचमांश वाट भरून काढली.

आणि आता आपलं वाढवण. पालघरच्या किनाऱ्यावरच्या या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. खर्च ७६,२२० कोटी रुपये. २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या माणसांत वाटला तर तान्ह्या बाळासकट प्रत्येकी पावणेसात हजारांवर. तिथल्या मच्छीमारांचा या बंदराला विरोध आहे, आणि त्यांच्या होड्यांचा, जाळ्यांचा, मासळीचा हिशेब या आकड्यांच्या शेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिला पाहिजे. बंदराची पूर्ण क्षमता आहे वर्षाला २ कोटी ३२ लाख पेट्या. तेवढ्या ओळीने मांडल्या तर १ लाख ४० हजार किलोमीटर, म्हणजे दरवर्षी पृथ्वीला साडेतीन वेढे, एकट्या पालघर जिल्ह्यातून.