वजनकाट्यापलीकडचे माप

शाळेत वैद्यकीय पथक आले की मुलांची उंची व वजन प्रथम घेतले जाते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे ही तपासणी खेडोपाडीच्या शाळांपर्यंत पोहोचली आहे. तथापि या दोन आकड्यांवरून मुलाचे शरीर केवढे आहे एवढेच कळते. ते कशाचे बनले आहे हे कळत नाही. एकूण वजनात स्नायू किती, मेद किती, अस्थी व पाणी किती, हे सांगण्याचे सामर्थ्य वजनकाट्यात नाही.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता देहभार निर्देशांक मिळतो. त्याची मर्यादा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळले. पुणे परिसरातील खेड्यांत १९९३ पासून झालेल्या माता-पोषण अभ्यासातही, इंग्लंडमधील नवजात बालकांपेक्षा आपली बालके वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून असल्याचे दिसले. उणीव अधिक होती ती स्नायूंची. अशी घडण पुढे मधुमेहास अनुकूल ठरू शकते. म्हणूनच किशोरवयात केवळ ‘वजन वाढवा’ असे सांगून भागत नाही. वाढ कशाची होत आहे हेही पाहावे लागते.

ध्वनीने जाडी कशी मोजतात?

मेद मोजण्याची अचूक साधने मोठ्या रुग्णालयांत असतात. ती शाळेत नेता येत नाहीत. त्वचेची घडी चिमट्यात धरून मोजण्याची पद्धत स्वस्त आहे. परंतु चिमट्याने मेद दबतो आणि मोजणाऱ्याच्या हातागणिक आकडा बदलतो. हाती धरता येण्याजोग्या सोनोग्राफी यंत्राने येथे एक नवा मार्ग उपलब्ध झाला आहे.

मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. या यंत्रातील ध्वनीची कंपने सेकंदाला लक्षावधी असतात. हा ध्वनी त्वचेतून आत जातो आणि मेद व स्नायू यांच्या सीमेवर त्याचा काही अंश परावर्तित होतो. मेदातून ध्वनी सेकंदाला सुमारे १,४५० मीटर वेगाने जातो. सेकंदाचे दहा लाख भाग कल्पिले, तर १० मिलिमीटर जाडीच्या मेदातून जाऊन परत येण्यास त्याला सुमारे १४ भाग लागतात. हा काळ मोजून यंत्र जाडी सांगते. यात क्ष-किरण नसल्याने मोजणी पुन्हा पुन्हा करता येते. मात्र यंत्राचा स्पर्श हलका असावा लागतो. ते दाबून धरल्यास येथेही मेद दबून आकडा खोटा येतो.

वाढत्या वयाचा पेच

यंत्र मोजते ती काही ठरावीक ठिकाणची जाडी. तीवरून संपूर्ण शरीरातील मेदाची टक्केवारी काढण्यासाठी सूत्र वापरावे लागते, आणि खरी अडचण तेथे आहे. प्रौढांच्या अनेक सूत्रांत मेदविरहित शरीराची घनता १.१० मानलेली असते. वाढत्या मुलांच्या शरीरात पाण्याचा अंश अधिक व अस्थींतील खनिजे कमी असल्याने ही घनता कमी भरते. परिणामी प्रौढांचे सूत्र लावल्यास मुलांचा मेद वास्तवापेक्षा अधिक दिसतो. शिवाय वयात येताना मुलांचे स्नायू झपाट्याने वाढतात, तर मुलींमध्ये मेदाचे प्रमाण वाढते, आणि ते स्वाभाविकच असते. एकाच वर्गातील तेरा वर्षांची दोन मुले या वाटचालीत निरनिराळ्या टप्प्यांवर असू शकतात. पोटाच्या पोकळीतील मेद तर त्वचेखालील जाडीवरून कळतच नाही. म्हणून एका मोजणीच्या टक्केवारीपेक्षा, एकाच मुलाच्या त्याच जागी काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या जाडीच्या नोंदी अधिक विश्वसनीय ठरतात.

यंत्र आणि कायदा

हे यंत्र लहान असले तरी त्याच्या वापरावर कायद्याचे बंधन आहे. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम केला. केंद्रीय कायदा १९९४ साली झाला. २०१२ साली नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, गर्भलिंग ओळखण्याची क्षमता असलेले फिरते यंत्र केवळ दोन परिस्थितींत वापरता येते : नोंदणीकृत जागेत, तेथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी, अथवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. हेतू मुलांच्या पोषणाचा असला तरी असे यंत्र परस्पर शाळेत आणता येत नाही.

यास्तव कोणी अशा पाहणीचा प्रस्ताव घेऊन आल्यास मुख्याध्यापकांनी व पंचायत सदस्यांनी काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. यंत्राची व पथकाची नोंदणी आहे काय? मोजणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे काय? पालकांची लेखी संमती व मुलांची स्वतःची अनुमती घेतली आहे काय? मुलींची मोजणी स्त्री कर्मचाऱ्याकडून आडोशाला होणार आहे काय? एकाही मुलाचा आकडा वर्गात उच्चारला जाणार नाही, याची हमी आहे काय? किशोरवयात आपल्या देहाविषयीची एक थट्टाही मनात दीर्घकाळ सलत राहते.

नवे साधन आले म्हणून जुने टाकून देण्याचे कारण नाही. वजनकाटा शून्यावर आणून, पादत्राणे काढून, दरवर्षी नीट घेतलेली उंची व वजन हाच आजही शालेय आरोग्याचा पाया आहे. ध्वनीचे माप त्याला जाणत्या हातांनी दिलेली जोड ठरावे. आणि कोणत्याही मापाची सार्थकता अखेर, त्यानंतर मुलाच्या ताटात डाळ, अंडे, भाजी वाढते काय आणि त्याला रोज मैदान मिळते काय, यावरच ठरेल.