कॅमेरा लावला की मंडळी झाली?

"त्यात काय एवढं? मोबाइल स्टँडला अडकवायचा, लाइव्हचं बटण दाबायचं, झाली ऑनलाइन मंडळी!" हे वाक्य मी कमिटीच्या बैठकीत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि आंबिवली स्टेशनच्या पुलावरही ऐकलंय. बोलणारा दर वेळी वेगळा, खात्री मात्र तीच. आणि त्यापाठोपाठ येणारा प्रश्नही ठरलेला: "मग, व्ह्यूज किती झाले आपले?"

तर आधी व्ह्यूजचंच बघू. फेसबुकने बरीच वर्षं तीन सेकंद व्हिडिओ चालला की तो एक व्ह्यू धरला. तीन सेकंदांत आमचे पाळकसाहेब घसासुद्धा खाकरून घेत नाहीत. म्हणजे मिसळीचा फोटो आणि भाच्याचा वाढदिवस यांच्यामधून अंगठ्याने आमची उपासना वर सरकवणारा माणूसही 'हजर' धरला गेला. उलट बदलापूरच्या एखाद्या घरात टीव्हीसमोर आजी, सून, नातवंडं आणि शेजारीण अशी सगळी मिळून पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत बसतात, त्यांचा आकडा एक. यूट्यूबवर एका वेळी किती जण बघताहेत हा आकडा वेगळा आणि व्हिडिओ तिथेच पडून राहिल्यावर आठवडाभरात साचणारा आकडा वेगळा. वार्षिक अहवालात कोणता छापायचा, यावर वाद होत नाही. जो मोठा तो.

आकड्यांचा हा घोळ एक वेळ सोडून देता येईल. खरी अडचण अशी, की उपासना दाखवणं आणि मंडळी चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण पहिलं करून दुसरं झालं असं समजतो. दाखवण्याचं काम शंभर वर्षांपूर्वीच सुटलंय. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात केडीकेए केंद्राने कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चची उपासना रेडिओवरून प्रसारित केली. १९३१ मध्ये मार्कोनीने उभारलेला व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला. घरात बसून उपदेश ऐकण्याची सोय तेव्हाच झाली. पण ऐकणारा आजारी पडला तर चौकशीला रेडिओ येत नव्हता. कॅमेराही येत नाही.

आंबिवलीजवळच्या आमच्या मोहन्याला ही गोष्ट कळायला खरं तर वेळ लागू नये. इथली वस्ती एनआरसीभोवती वाढली. १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉनच्या या कारखान्याला २००९ मध्ये टाळं लागलं आणि कॉलनीतली माणसं पांगली. कुणी टिटवाळ्याला घर घेतलं, कुणी बदलापूरला, कुणी नगरकडे गावी परतलं, कुणाची मुलं आखातात गेली. मागे राहिलेल्यांत म्हातारी माणसं जास्त. ज्यांना यायची इच्छा आहे त्यांनाही कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे आधीच गाड्या मोजक्या, त्यात रविवारचा मेगाब्लॉक. साडेनऊच्या भक्तीला निघालेला माणूस कल्याणच्या फलाटावरच अडकतो. अशा मंडळीला ऑनलाइनची गरज आहे हे उघड आहे. पण त्यांना गरज आहे ती ओळखीच्या माणसांची. उपदेशांची यूट्यूबवर मुळीच टंचाई नाही. आमच्याहून चांगला कॅमेरा आणि (पाळकसाहेबांची क्षमा मागून) आमच्याहून चांगला उपदेश शेकड्यांनी मिळतो.

मग ऑनलाइन मंडळी चालवायला लागतं काय? सगळ्यात आधी चॅटवर बसणारा माणूस. त्याने त्या तासात दुसरं काहीही करायचं नाही, दान मोजायचं नाही की पंखे लावायचे नाहीत. लोक जोडले जातील तसं नाव घेऊन सलाम करायचा, गीताचा क्रमांक टाकायचा, वचनाचा अध्याय टाकायचा, आवाज येत नाही म्हणून कुणी लिहिलं तर मागे इशारा करायचा. हा माणूस नसेल तर चॅटमध्ये हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते आणि उत्तर कुणीच देत नाही.

त्यानंतर वही. साधी, रेघांची. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात शेवटचं कधी दिसले, तिसऱ्यात फोन कोण करणार. सोमवारी संध्याकाळी ती वही घेऊन कुणीतरी बसतं. वडवलीच्या एक बाई दर रविवारी पहिल्या गीतालाच 'आमेन' टाकतात; एकदा दोन रविवार त्यांचा 'आमेन' आला नाही. फोन केला तेव्हा कळलं, बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडलंय आणि डाव्या हाताने टाइप होत नाही. महिला मंडळातल्या दोघी डबा घेऊन गेल्या. हा सगळा प्रकार एकाही व्ह्यूमध्ये मोजला गेला नाही. मंडळी म्हणून आम्ही त्या आठवड्यात जे काही केलं, त्यातलं बहुतेक मात्र तेच होतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. प्रार्थनेची विनंती. देवळात माणूस पाळकांच्या कानाजवळ येऊन हळूच सांगतो, की मुलगा पितो, की सुनेचे रिपोर्ट आलेत. तोच माणूस ऑनलाइन असला की हे चॅटमध्ये लिहून मोकळा होतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट तीन व्हॉट्सअॅप ग्रुपांत फिरतो. म्हणून विनंत्यांसाठी वेगळा नंबर हवा, तो एकाच विश्वासू माणसाकडे हवा, आणि चॅटमधली तशी ओळ चॅटवाल्याने ताबडतोब काढायला हवी. शब्बाथ शाळेच्या मुलांचे चेहरे तर आईबापांना विचारल्याशिवाय दाखवूच नयेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची सगळीच मुलं 'बालक' आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा नसता तरी विचारायला काय हरकत होती, हा माझा जुनाच प्रश्न आहे.

यंत्रांबद्दल एवढंच सांगतो, की कॅमेऱ्यासाठी पैसे जमवण्याआधी माइक घ्या. चित्र धूसर असलं तर माणूस बसून राहतो. आवाज फाटला की उठतो. मागच्या बाकावर ठेवलेल्या मोबाइलला पहिल्यांदा छताचा पंखा ऐकू येतो, मग तबला, मग कसारा लोकलचा भोंगा आणि सगळ्यात शेवटी उपदेश. ७२० पी चित्रासाठी यूट्यूब साधारण ४ एमबीपीएस वेग सांगतं, आणि तो अपलोडचा. वायफाय घेताना दुकानदार सांगतो तो सहसा डाउनलोडचा असतो. मोबाइलवरून लाइव्ह करायला चॅनेलचे निदान ५० सदस्य लागतात आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला चोवीस तासही लागू शकतात. नाताळच्या सकाळी चॅनेल काढून दहाच्या भक्तीला लाइव्ह होऊ म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. झूमची फुकटची बैठक चाळिसाव्या मिनिटाला तुटते, आणि आमच्याकडे चाळिसाव्या मिनिटाला उपदेश नुकताच रंगात आलेला असतो.

सोमवारच्या फोनला माणूस मिळत नसेल, तर लाइव्ह सुरूच करू नका. उपदेश रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर पाठवा. त्यात लाज काहीच नाही, फक्त त्याला ऑनलाइन मंडळी म्हणू नका.

दुसरा लाडका समज असा, की हे सगळं कोरोनाचं खूळ. लॉकडाउनमध्ये आपण शिकलो हे खरं आहे. २०२० चा ईस्टर, १२ एप्रिलचा, आपण घरातच केला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. पण ब्रिटनमध्ये मेथडिस्ट चर्चच्या पाठिंब्याने 'चर्च ऑफ फूल्स' नावाचं त्रिमितीय ऑनलाइन चर्च मे २००४ मध्येच सुरू झालं होतं, आणि अमेरिकेतल्या लाइफ चर्चने २००६ मध्ये आपली ऑनलाइन शाखा काढली. त्याच चर्चने दोन वर्षांनी काढलेलं बायबल अॅप आज आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या मोबाइलमध्ये असेल.

आणि दूरदूरच्या ख्रिस्ती माणसांना एकत्र बांधण्याचा उद्योग मराठीत तर फारच जुना. अमेरिकन मराठी मिशनने तेव्हाच्या अहमदनगरात १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' काढलं, तेव्हा मराठी ख्रिस्ती म्हणजे इथे दोन घरं, तिथे चार घरं अशी स्थिती होती. पुढे त्याच्या मराठी विभागाचं संपादन करणारे नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे झाले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. "ऑनलाइन बघतात त्यांचं नाव यादीत नाही, ते आपले कसे?" असं विचारणाऱ्या मंडळीच्या वडिलांना मी टिळकांकडे पाठवतो. टिळकांची गीतं ते दर रविवारी म्हणतातच.

"शास्त्रात आधार नाही." इब्री लोकांस पत्र, १०:२५, माझ्या तोंडावर इतक्यांदा फेकलं गेलंय की आता मीच आधी म्हणून दाखवतो. जमण्यात खंड पडू देऊ नका, असा त्याचा आशय. बरोबर आहे. पण रोमकरांस पत्र लिहिलं तेव्हा पौल रोमला गेलेलाही नव्हता, आणि कलस्सैकरांना तो सांगतो की देहाने दूर असलो तरी आत्म्याने तुमच्यात आहे. दुसऱ्या बाजूच्या उत्साही मंडळींनी मग योहानाचं दुसरं पत्रही वाचावं. तिथे लिहिणारा म्हणतो की कागद-शाईने भागत नाही, समोरासमोर भेटायचंय. दोन्ही एकाच नव्या करारात आहे, आपल्याला सोयीचं तेवढं उचलू नये.

"ऑनलाइन सुरू केलं की चर्च रिकामं होणार." प्यू रिसर्चच्या २०२३ च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या प्रौढांपैकी १७ टक्के प्रत्यक्षही जातात आणि पडद्यावरही बघतात, फक्त पडद्यावर बघणारे १० टक्के. अमेरिका म्हणजे मोहने नव्हे, हे मान्य. पण आपल्याकडे घरी बसणाऱ्यांची यादी काढून बघा. गुडघे, डायलिसिस, रविवारची शिफ्ट, तान्हं मूल. ही माणसं लाइव्हमुळे घरी बसलेली नाहीत. आणि जो तरुण झोपून राहतो तो लाइव्ह नव्हतं तेव्हाही झोपतच होता.

"हे तरुणांसाठी आहे." आमच्या चॅटमधले निम्मे आजी-आजोबा आहेत.

"सगळंच ऑनलाइन होतं." नाही होत. कॅथलिक वाचकांसाठी तर उत्तर स्पष्ट आहे: व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने २००२ च्या इंटरनेटविषयीच्या दस्तऐवजातच सांगून टाकलं की संस्कार इंटरनेटवर होत नाहीत. २०११ मध्ये पापनिवेदनाचं अॅप निघालं तेव्हाही व्हॅटिकनच्या प्रवक्त्याने हेच सांगितलं, तयारीसाठी वापरा, पण धर्मगुरूंसमोर जावंच लागेल. पोप फ्रान्सिस स्वतः रोजची मिस्सा पडद्यावर देत होते, आणि त्याच दिवसांत, १७ एप्रिल २०२० ला, लोकांशिवायच्या, संस्कारांशिवायच्या चर्चच्या धोक्याबद्दलही बोलले. आजारी माणसाने टीव्हीवर मिस्सा पाहणं चांगलंच. पण लग्नाचा व्हिडिओ बघून पोट भरत नाही. प्रोटेस्टंटांत प्रभुभोजनाबाबत एकमत नाही. लॉकडाउनमध्ये काही मंडळ्यांनी घरोघरी भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सांगितलं, काहींनी उपास धरावा तशी वाट पाहिली. आपल्या पाळकांना विचारा, यूट्यूबला नको. आणि लग्न लावायचं असेल, तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याला पाळकांखेरीज दोन साक्षीदार समोर लागतात. दुबईच्या मामांनी खुशाल झूमवर बघावं, पण साक्षीदार म्हणून त्यांची सही चालणार नाही.

"गाणी देवाची, त्यांना कसला कॉपीराइट?" देवाची असली तरी ती लिहिली माणसांनी. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचे शब्द कधीच मोकळे झाले. पण तेच गीत एखाद्या कंपनीने दहा वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलं असेल, तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि जिवंत आहे. प्रामाणिक धार्मिक विधीत गाणं वाजवण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, हे खरं. पण यूट्यूबचं यंत्र कलम वाचत नाही, ते सूर ओळखतं आणि आवाज बंद करतं. ट्रॅक लावण्यापेक्षा पेटी-तबला बरा. चुकला तरी आपलाच असतो.

राहता राहिला पैसा. "क्यूआर कोड टाकला की जगभरातून दान येईल." येईल, आणि तिथेच फसाल. परदेशात राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस बँकेमार्फत आपल्या कमाईतून दान देतो, ते परकीय योगदान धरलं जात नाही. त्याच्याच धाकट्या भावाने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याचा एक रुपयाही परकीय योगदान ठरतो, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असो वा नसो. ते घ्यायला परकीय योगदान कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी यावे लागतात. कल्याणच्या शाखेत नाही. तेव्हा क्यूआर कोडच्या खाली दोन ओळी लिहून ठेवा: भारतीय नागरिकांनीच या खात्यावर द्यावं, आणि नाव व फोन नंबर कळवून ट्रस्टची पावती मागून घ्यावी. आमच्या खजिनदारांना 'तुझा सेवक' अशा नावाने आलेले पाचशे रुपये अजून कोणाच्या नावावर टाकायचे ते कळलेलं नाही.