लोखंडाला माहेरची ओढ

बरीच वर्षं पडवीत उभ्या असलेल्या येझदी मोटारसायकलच्या टाकीचं झाकण काढा आणि आत टॉर्च मारा. बाहेर रंग शाबूत असतो, क्रोमही चमकत असतं. आत मात्र कोकणातली तांबडी माती सारवल्यासारखं दिसतं. हा नुसता भास नाही. जांभ्या दगडाला लाली देणारी लोखंडाची संयुगं आणि पत्र्यावरचा गंज ही एकाच कुळातली भावंडं आहेत.

खाणीतून लोखंड येतं ते ऑक्सिजनला घट्ट धरूनच. झोतभट्टीत कोक जाळून आपण ही जोडी फोडतो. भट्टीतून बाहेर पडणारा लोखंडाचा रस सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसला उकळत्या गुळासारखा वाहतो. पुढे त्याचं पोलाद होतं, पत्रा होतो, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात पूर्वी त्या पत्र्याची टाकी व्हायची. पण लोखंडाची माहेरची ओढ सुटत नाही. पाणी आणि हवा भेटली की ते परत निघतं. या परतीच्या वाटेलाच आपण गंज म्हणतो.

पेट्रोलच्या टाकीत पाणी येतं कुठून? टाकी श्वास घेते! पेट्रोल खर्च होईल तशी हवा आत यावी म्हणून झाकणाला बारीक वाट ठेवलेली असते. दिवसा टाकी तापते, हवा बाहेर पडते. रात्री ती गार होते, दमट हवा आत ओढते आणि रिकाम्या भागात पत्र्यावर दंव धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे थेंब ओघळून तळाशी बसतात. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल तर पाणी स्वतःत ओढून घेतं आणि मर्यादा ओलांडली की पाण्यासकट खाली उतरतं. म्हणून जुन्या टाक्या बहुधा तळाशीच फुटतात.

ॲल्युमिनियमचा ऑक्साइड धातूला चिकटून राहतो आणि त्याचं कवच होतो. लोखंडाचा गंज फुगतो. मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, पापुद्रे सुटतात आणि खालचा कोरा पत्रा पुन्हा उघडा पडतो. सुटलेला पापुद्रा कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. ते भोक जेमतेम मिलिमीटरभर असतं. तेवढ्याने धडधाकट गाडी रस्त्यात बंद पडते.

मूठभर नटबोल्ट आत टाकून टाकी खळखळवायची, ही गॅरेजमधली जुनी रीत. सुटा गंज त्याने निघतो, कोपऱ्यातला राहतो. तो काढायची खरी सुंदर युक्ती विजेची आहे. आधी टाकी साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची. पेट्रोलची वाफ उरता कामा नये, शिवाय टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमधल्या ऑइलचा थर गेल्याशिवाय पुढचं काहीच लागू पडत नाही. मग कॉकचं भोक बंद करून टाकी काठोकाठ पाण्याने भरायची. दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. तोंडातून एक साधी लोखंडी सळई आत सोडायची, रबराच्या बुचात धरलेली, टाकीला कुठेही न टेकणारी. बारा व्होल्टच्या साध्या चार्जरचा धन चिमटा सळईला, ऋण टाकीला. उलट जोडलं तर टाकीच खाल्ली जाईल. सळई स्टेनलेस स्टीलची नको, त्यातल्या क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं.

बटण दाबलं की थोड्याच वेळात तोंडाशी बारीक फेस दाटू लागतो. गंजताना लोखंड इलेक्ट्रॉन गमावतं, आता तेच आपण परत करत असतो. दोन अँपिअर प्रवाह म्हणजे दर सेकंदाला सव्वा लाख गुणिले कोटी गुणिले कोटी इलेक्ट्रॉन! लाल गंज काळा, भुसभुशीत होतो आणि पत्र्यावर उठणारे बुडबुडे त्याला सोडवतात. झोतभट्टीने जे केलं त्याच जातीचं काम इथे अंगणात, थंड पाण्यात चालू असतं. झिजलेला पत्रा मात्र भरून येत नाही. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात. दहा तासांत जवळजवळ नऊ लिटर वायू निघू शकतो, म्हणून काम उघड्यावरच करा, विस्तव दूर ठेवा आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा.

सळईच्या समोर येतो तो भाग आधी साफ होतो. टाकीच्या मधल्या उंचवट्याआड सावली पडते, म्हणून सळईची जागा बदलत राहावं लागतं.

शेवटी टाकी धुतली की करडा पत्रा दिसतो आणि बघता बघता त्यावर नारिंगी झाक चढते. माहेरची ओढ इतकी तीव्र! म्हणून लगेच गरम हवेने सुकवून ऑइल फिरवतात, किंवा पातळ फॉस्फरिक ॲसिडने लोह-फॉस्फेटचा थर देतात. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे आणि पृष्ठभागावर फॉस्फेटचं संरक्षक कवच तयार झालं आहे. जुन्या लोहारांच्या हातून घडलेलं तेच कवच तुमच्या टाकीलाही उपयोगी पडतं.

जुनी टाकी भंगारात देऊ नका, आधी आत टॉर्च मारून पाहा. आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा. जिथे हवेला जागा नाही, तिथे दंवाला जागा नाही.