आप्त, पडताळा आणि आंतरजालावरील बालवाचक

चेन्नईतील पेरुंबाक्कम येथे केंद्रीय अभिजात तमिळ संस्थेची नवी वास्तू २०२२ मध्ये उभी राहिली. ‘तिरुक्कुरळ’चे विविध भारतीय भाषांतील अनुवाद या संस्थेने प्रसिद्ध केले आहेत. त्या ग्रंथाच्या ४३ व्या अधिकारात ज्ञानाचे स्वरूप सांगताना वक्ता कोण यापेक्षा वचनातील तथ्य पारखण्याला महत्त्व दिले आहे. साने गुरुजींच्या अनुवादामुळे मराठी वाचकालाही हा विचार परिचित आहे. आंतरजालावर वक्ता बहुधा अदृश्य असतो. तेथे लहान मूल विश्वास कशावरून ठेवते, हा प्रश्न या विचाराच्या आधारे तपासता येतो.

न्यायदर्शनाने आप्ताच्या उपदेशाला शब्दप्रमाण मानले. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ऋषी, आर्य वा म्लेच्छ, कोणीही आप्त असू शकतो. आप्तत्व ओळखण्यासाठी न्यायसूत्रांनी आयुर्वेदाचा दृष्टान्त दिला आहे. ज्याचा पडताळा येतो त्यावरून, ज्याचा येत नाही त्याविषयी अनुमान करावयाचे.

केनिग, क्लेमां व हॅरिस यांच्या २००४ मधील प्रयोगांत हीच रीत दिसते. परिचित वस्तूंची नावे अचूक सांगणाऱ्यावरच तीन-चार वर्षांची मुले अपरिचित वस्तूच्या नावासाठी भिस्त ठेवतात.

ऑर्टिसिओ, मायर व किड यांचे २०२४ मधील संशोधन याच्या पुढे जाते. चार ते सात वर्षांच्या मुलांना पडद्यावर प्राण्यांविषयी खरी-खोटी विधाने दाखविण्यात आली. नंतर काळे चष्मे घातलेल्या काल्पनिक परग्रहवासीयांविषयी, त्या सर्वांना तीन डोळे असतात, असे विधान पुढे ठेवले. ज्यांना आधी अधिक खोटी विधाने आढळली होती, त्यांनी अधिक चष्मे उतरवून पाहिले. येथे महत्त्वाचा भेद असा की, या मुलांनी विधान नुसते नाकारले नाही, ते तपासले. ‘लांडगा आला रे आला’ या कथेतील गावकरी नेमके येथेच चुकतात. ते पूर्वानुभवावरून अविश्वास करतात, परंतु शेवटी तपासत नाहीत.

यावरून असे म्हणता येईल की, केवळ निर्दोष मजकूर पुरविल्याने मुलांत परीक्षणवृत्ती आपोआप निर्माण होत नाही. मात्र खोटे ओळखण्यास विषयाचे पूर्वज्ञान लागते. हे ज्ञान मूल प्रथम घरच्या भाषेत मिळविते. पेरुंबाक्कमसारख्या परिसरातील मराठी मूल इंग्रजी वा तमिळ मजकूर वाचते, तेव्हा ओळखीच्या शब्दांचा आवाका लहान असल्यास त्याची कसोटीही तोकडी पडेल, हे अनुमान स्वाभाविक आहे. म्हणूनच परभाषेतील विधानाची मातृभाषेत चर्चा करणे, हे भाषांतराइतकेच प्रमाणविचाराचेही शिक्षण ठरते.