नळाचं प्रेम खरं होतं का?

नळ-दमयंतीची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. दमयंती आपल्या विदर्भाची राजकन्या. तिच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचंच रूप घेऊन बसले. तरी तिने खरा नळ ओळखला. कसा? देवांना घाम येत नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या. ज्याच्या अंगावर धूळ आणि घाम होता, त्याच्या गळ्यात तिने माळ घातली.

इथवर सगळं छान! पण पुढे नळ द्यूतात राज्य हरला. दोघं वनात गेली. एका रात्री दमयंती झोपलेली असताना त्याने तिचं अर्धं वस्त्र कापून घेतलं आणि तो चक्क निघून गेला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना जंगलातली रात्र काय असते ते सांगायला नको. माझी आठवीतली भाची फटकन म्हणाली, "मामा, हे कसलं प्रेम?"

"अगं, त्याच्या अंगात कली शिरला होता ना!"

"कलीचं नाव सांगितलं की सुटला?"

मी गप्प. नळाला वाटलं, आपण नसलो तर ही माहेरी जाईल, सुखात राहील. पण दमयंती त्याला आधीच म्हणाली होती, आपण दोघं विदर्भात जाऊ. भिकारी होऊन सासुरवाडीला जायची त्यालाच लाज वाटत होती. म्हणजे तिचं सुख त्याने तिला न विचारताच ठरवलं!

दमयंती नुसती रडत बसली नाही. तिने माणसं धाडून त्याला शोधलं. तो सारथी बाहुक बनून आला, तेव्हा त्याच्या हातचा स्वयंपाक चाखून खात्री केली. मग तोंडावर विचारलं, निरपराध बायकोला झोपेत टाकून जाणारा कोणी पाहिला आहेस का? नळाने कलीवर ढकललं आणि उलट तिच्यावरच संशय घेतला. वायुदेवाने तिच्या बाजूने साक्ष दिली, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. नळाच्या बाजूने साक्ष कोणी मागितलीच नाही, हे मला भाचीमुळे कळलं.

पुढे तिला चंद्रपुरात अचलेश्वर मंदिराजवळची बीरशहाची समाधी दाखवली. या गोंड राजाचा खून झाल्यावर राणी हिराईने ती बांधवली. रामशहाला दत्तक घेतलं, तो मोठा होईपर्यंत राज्यही सांभाळलं. लोक तिला प्रेमाची खूण म्हणतात. भाची बराच वेळ दगडांवरची नक्षी बघत होती.

"मामा, राजा जिवंत असताना तिचं ऐकायचा का?"